वाढवलेला दिवा

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीनं विचारलं, "आजी, दुकानाचा विमा उतरवायचाय. तीन कंपन्यांचे कागद समोर आहेत. तू कुठला घेतला असतास?" तिनं तिकडे लोकर आणि विणकामाच्या सुया विकायचं छोटं दुकान काढलं आहे, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. तिला माझा सल्ला नको होता, थोडं बोलायचं होतं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. मग दुपारभर मला तळेगावची ती दुकानवाली आठवत राहिली.

आयुष्यात मी एकाच दुकानाच्या विम्याचं काम केलं, आणि ते निम्मं माझ्यामुळे बिघडलं. तुमच्या आजोबांशिवाय हे कोणालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी, अक्षर सरळ येतं आहे तोवर, क्रमानं लिहून ठेवते.

साखर आहे का, असं विचारलं की ती दुकानवाली डबा उघडून पाहत नसे. उजवा तळहात उताणा करायची आणि म्हणायची, "वाढली, जी." वाढली म्हणजे संपली. तुम्हांला हे विचित्र वाटेल, पण आपल्याकडे भरल्या घरात 'संपलं', 'नाही' असं म्हणत नसत. मीठ वाढलं, तांदूळ वाढले, असं म्हणायचं. दुकान बंद करत नसत, वाढवत असत. दिवा विझवत नसत, तोही वाढवत. हे सगळ्याच घरांत होतं, आमच्याही होतं. पण आम्ही बोलायचो ते सवयीनं. ती बोलायची ते जपून, तेलाची बरणी उचलावी तसं.

एकदा एका गिऱ्हाइकानं थट्टेनं विचारलं, "काकू, सारंच वाढलं मनता, मंग दुकान रिकामं काऊन दिसून राह्यलं?"

"तुह्या उधारीनं वाढलं, बाबू," ती म्हणाली. तो हसत निघून गेला.

तळेगावला तुमचे आजोबा शाळेत हेडमास्तर होते. मी नागपूरला इंटरपर्यंत शिकून, लग्न होऊन तिथे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. गावात इंग्रजी वाचणारी बाई मी एकटी. कोणाकडे तार आली की ती आमच्या ओसरीवर यायची आणि सासूबाई मला आतून हाक मारायच्या. तेवढ्यापुरती मी ओसरीवर यायची, वाचायची, आत जायची. घराबाहेर एकटीनं जायची मुभा दोन ठिकाणी होती. देऊळ आणि ते दुकान.

दुकान नागपूर–अमरावती रस्त्यालगत होतं. कवेलूचं छप्पर, एक खण, पुढे दगडी पायरी. धान्य, तेल-मीठ, बांगड्या, खोडरबर आणि मागच्या कोपऱ्यात राकेलचे डबे. नवरा वारल्यावर तिनं ते चालवायला घेतलं होतं. ती तेव्हा चाळिशीची असेल. मूलबाळ नव्हतं. राहायची दिराच्या घरी, मागच्या खोलीत. दिराचा कापसाचा व्यापार होता आणि घरात अकरा माणसं. पहाटे त्यांचा स्वयंपाक करून ती दुकानात यायची, दिवेलागणीनंतर दुकान वाढवून पुन्हा चुलीपुढे जायची. मधले तास तिचे. दुकान म्हणजे तिच्या दृष्टीनं काय होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. दुकानात ती गादीवर पाठ टेकून बसायची. दिराच्या घरी मी तिला कधी बसलेली पाहिली नाही.

त्या वर्षी आर्वीच्या राकेलवाल्या डेपोनं नवी अट काढली. ज्या दुकानाचा विमा असेल त्यालाच डबे मिळतील, आणि ज्याच्या नावानं विमा, त्याच्याच नावानं परवाना. मुदत महिनाअखेरची. राकेलसाठी गिऱ्हाईक यायचं आणि जाताना बाकीचं घ्यायचं. राकेल गेलं की दुकान गेलं.

दीर तिला म्हणाला, "तुह्या नावानं कोन कागद देते? राहू दे. मी माह्या नावानं घेतो. पोरगा बसन दुकानात. तू घरी राय, आराम कर."

हे सांगताना तिनं 'आराम' शब्दावर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अकरा मानसायचा आराम, मास्तरीणबाई. तुमी कागद वाचून द्या."

आर्वीहून विम्याचा एजंट आला. चामडी बॅग, डोक्यावर काळी टोपी. त्यानं तीन छापील कागद पोत्यावर पसरले आणि मी पायरीच्या कडेला बसून वाचायला लागले.

"पहिला आगीचा," मी म्हटलं.

तिनं दोन्ही कानांना हात लावले. "तिचं नाव दुकानात नका घेऊ. लाल म्हना."

त्यामुळे पुढचा अर्धा तास आम्ही लालबद्दल बोललो. एजंट बिचारा समजूतदार होता. "लालमधे माल येतो, भिंत येत नाही. शेजारून लाल आली तरी भरपाई," असं तोही म्हणायला लागला.

दुसरा चोरीचा. कुलूप फोडून चोर आत शिरला तर भरपाई, असं मी वाचलं.

"आन् चोर घरातलाच असला त?"

"घरच्या माणसाचं कंपनी देत नाही, बाई."

"मंग काय कामाचा? माहा चोर कुलूप फोडत नाई. तो चाबी मांगते."

एजंटानं खाली पाहून टोपी नीट केली. तिसरा कागद वाटेतल्या मालाचा होता. बंडी उलटली, नाल्यात गेली, वगैरे. तो तिनं न ऐकताच बाजूला सारला. "बैल माह्यापेक्षा शाहाने हायेत. लालचाच घेतो. पन नाव माहं टाकजा. दिराचं नाई, पोराचं नाई."

एजंट म्हणाला, नावाला हरकत नाही, पण नागपूरहून इन्स्पेक्टर येऊन जागा पाहील, प्रश्न विचारील. तो मद्रासकडचा आहे, मराठी त्याला बेताची येते. मास्तरीणबाई असतील तर बरं.

"हायेत ना," ती म्हणाली. "त्या कोठी जातीन?"

आता माझ्या चुकीकडे येते.

इन्स्पेक्टर आला त्या दिवशी मी बाजूला बसले होते. तुमच्या पिढीला हे माहीत नाही, म्हणून सांगते. महिन्याचे तीन दिवस घरात कशाला शिवायचं नाही, कोणाशी फारसं बोलायचं नाही, मागच्या पडवीत एका चटईवर बसायचं. सासूबाई वाईट नव्हत्या. मला ताट वेळेवर मिळायचं, वाचायला पुस्तकही मिळायचं. पण उंबरा ओलांडायचा नाही.

सकाळच्या बसनं तो उतरला आणि दुकानात जाण्याआधी आमच्याकडेच आला. मला पडवीतून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"इंग्लिश जाननेवाली बहू घर में है?"

"सून बाहेरची आहे," सासूबाई म्हणाल्या. बाहेरची म्हणजे बाजूला बसलेली. त्यांना दुसरा शब्द परक्या पुरुषापुढे उच्चारणं शक्य नव्हतं.

"बाहर? कब आएगी?"

"चौथ्या दिवशी."

"अच्छा, अच्छा. गावाला गेली," तो मराठीत म्हणाला. मराठी कळल्याचं समाधान त्याच्या आवाजात होतं.

मुलांनो, मी दहा पावलांवर होते. मध्ये एक दार होतं आणि ते उघडं होतं. 'मी इथे आहे, तिला इथे बोलवा, मी आतून सांगते,' एवढं इंग्रजीत एक वाक्य पुरलं असतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोलले नाही. त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला आणि मी मांडीवरचं पुस्तक उघडून बसले. एक ओळही वाचली नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. ती ते पदराखाली घेऊन माझ्याकडे आली. मी ओसरीवर उभ्या उभ्या वाचलं आणि मला पहिल्यांदा काही कळेना. मग पुन्हा वाचलं. त्याचा मराठीत अर्थ असा होतो: 'अर्जदार बाईच्या स्वतःच्या सांगण्यानुसार ती दुकान सोडून जाताना दिवा वाढवून ठेवते. नंतर ती दुकानही वाढवते, असे म्हणाली. ते रोज कसे वाढवते, हे तपासणीत आढळले नाही. राकेलच्या डब्यांशेजारी दिवा मोठा करून दुकान निर्मनुष्य सोडणे कंपनीस मान्य नाही. अर्ज नामंजूर.'

मला हसू आलं. दुसऱ्या क्षणी तिच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

"काय लिवलं?"

"तुम्ही दिवा वाढवता म्हणालात ना, त्याला वाटलं तुम्ही वात मोठी करून जाता."

तिनं पत्र माझ्या हातून घेतलं. "येडी हाओ का मी?" असं हळूच म्हणाली. ते मला विचारलेलं नव्हतं.

मी त्याच दिवशी कंपनीला इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. आमच्या भाषेत वाढवणे याचा अर्थ विझवणे असाही होतो, अशुभ टाळण्यासाठी असं बोलतात, वगैरे. आजही ते पत्र मी चांगलं लिहिलं होतं असं मला वाटतं. उत्तर लवकर आलं आणि सभ्य होतं. कंपनीला स्पष्टीकरण समजलं. मात्र अर्जदारानं आपल्या भाषेत, स्पष्ट शब्दांत, दिव्याबद्दल एक जबाब स्वतः सही करून द्यावा, साक्षीदारासह. म्हणजे पॉलिसी पाठवता येईल.

महिना संपायला सहा दिवस होते. मी एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी रोज दुकान बंद करण्यापूर्वी दिवा विझवते,' आणि दौत-टाक घेऊन दुकानात गेले.

ती चौथीपर्यंत शिकलेली होती. वाक्याखालून बोट फिरवत वाचत गेली. 'बंद'वर जरा अडली, पुढे गेली. 'विझवते'वर बोट थांबलं ते थांबलंच.

"हे नाई होत माह्याकून."

"काय नाही होत? खरं तर आहे."

"खरं हाय. मनून काय लिवाचं?"

मी बावीस वर्षांची होते आणि मला सहा दिवस दिसत होते. मी म्हटलं, "काकू, शब्दानं आग लागत नाही."

"मंग शब्दासाठी कंपनी काऊन अडून बसली?"

मी टाक खाली ठेवला.

मग तिनं सांगितलं. नवऱ्याला अंगणात ठेवलं होतं, लोक जमले होते. मुलगा नव्हता, त्यामुळे अग्नी द्यायला पुढे कोण होणार याची कुजबुज चालली होती. तेव्हा दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एक दिवा इझला या घरचा. आता उजेडाची आस नाई." ती आत भिंतीला टेकून बसली होती. कोणीतरी तिच्या बांगड्या वाढवत होतं.

"तवापासून तो शब्द म्या तोंडात घेतला नाई," ती म्हणाली. "त्यायनं घेतला. त्यायच्याच तोंडात राहू द्या. माह्या दुकानाच्या कागदावर नको."

मी दुसरे शब्द काढले. मालवते? तेच ते, म्हणाली. घालवते? नको. शेवटी मी 'शांत करते' सुचवलं. देवघरातल्या दिव्याला आपण तसं म्हणतोच. ते तिला चाललं असतं, पण या वेळी मलाच धीर होईना.

"शांत लिहिलं तर तो मद्रासी म्हणेल, ही बाई दिव्याला थोपटते."

आम्ही दोघी हसलो. चांगली पाच मिनिटं हसलो. मग ती डोळे पुसून पुन्हा कागदाकडे पाहत बसली. दुकानासमोरून दिराचा मुलगा सायकलवरून गेला. त्यानं आत डोकावून पाहिलं, डबे कुठे ठेवलेत ते पाहिल्यासारखं.

घरी आले तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "वाढवते असंच तिला वाचून दाखव आणि सही घे." मी म्हटलं, तिला वाचता येतं. ते म्हणाले, "मग अवघड आहे."

दोन दिवस तिनं काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी देवळातून परतताना तिनं हाक मारली.

"मास्तरीणबाई, एक सांगा. दिवा लावलाच नाई, त तो शब्द लिवा लागते का?"

"म्हणजे?"

"कागदावर असं लिवा, या दुकानात दिवा लावतच नाई. मंग ते ईच्याराचं कारन नाई. न लावलेला दिवा कोन वाढवन?"

मी म्हटलं, "अहो, पण मग खरोखरच लावता येणार नाही. सही असेल त्याखाली."

"नाई लावत."

"संध्याकाळचं गिऱ्हाईक?"

शेतावरून परतणारी माणसं दिवेलागणीलाच यायची. कंदील लावून ती गादीवर बसायची, लोक पायरीवर टेकायचे. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे सगळं त्या तासात व्हायचं. त्या तासाला ती घरातल्या कोणाचीच वहिनी, काकू, मोठी आई नसायची. तो तास आता चुलीपुढे जाणार होता, आणि हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

"सारे तास गेल्यापरीस एक गेला," ती म्हणाली. "लिवा."

मी लिहिलं. 'माझ्या दुकानात दिवा लावला जात नाही.' तिनं बोट फिरवून वाचलं, कुठेही न थांबता, आणि सही केली. साक्षीदार म्हणून मी सही केली.

पॉलिसी मुदतीच्या आदल्या दिवशी आली. तिनं विचारलं, "माहं नाव कोनतं?" मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "आन् हे त्याच्या मागचं?" तिच्या नवऱ्याचं, मी म्हटलं, अमक्याची विधवा, असं लिहितात. "दिराचं कोठी हाय?" कुठेच नाही, असं मी सांगितलं. तिनं कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा विचारलं, "कोठीच नाई?" मी म्हटलं, नाही.

परवाना तिच्या नावानं झाला. दिरानं तेही चालवून घेतलं. घरात आता एक तास लवकर स्वयंपाक होत होता, त्याचं बरंच होतं.

तिनं सही पाळली. एकदा संध्याकाळी आमच्या घरची काड्यापेटी वाढली म्हणून मी लगबगीनं दुकानात गेले. फळ्या लावून ती कुलूप घालत होती. "आत अंधार झाला, जी. हाताला नाई लागनार," ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या कंदिलानं बघा. तिनं माझ्या कंदिलाकडे पाहिलं आणि मला चार पावलं मागे सरायला लावलं. "तुमीच साक्षीदार आन् तुमीच दिवा आनता?" मी घरी येऊन कंदिलाच्या वातीवरच काडकी धरून चूल पेटवली.

गिऱ्हाईक कमी झालं. अंधार पडला की लोक पलीकडच्या दुकानात जाऊ लागले, तिथल्या दुकानदारानं पेट्रोमॅक्स घेतला होता. तिनं तक्रार केली नाही. मी तिला म्हटलं होतं, कंपनीला पुन्हा पत्र लिहू, नवा जबाब देऊ. ती म्हणाली, "पुन्हा तोच शब्द मांगतीन." ते खरं होतं. तिच्यासमोर दोन दारं होती आणि दोन्ही तिनंच आतून लावून घेतली, असं मला तेव्हा वाटायचं. कड्या कोणी बसवल्या होत्या ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला बाजारातलं प्रत्येक दुकान उजळतं. तिनं पूजा दुपारीच, उन्हात उरकली. मी प्रसाद घ्यायला गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती. हातात दोन पणत्या होत्या, कोऱ्या, वात न घातलेल्या.

"मास्तरीणबाई, कागदात पाहून सांगा. पायरी दुकानात येते का?"

तिनं पॉलिसी पदरात बांधूनच आणली होती. मी ती पायरीवर पसरून वाचली. जागेच्या वर्णनात स्पष्ट लिहिलं होतं: एक खण, पुढील दगडी पायरीसह. मी ते वाक्य दोनदा वाचलं. शाळेत आणि घरात मला एकच गोष्ट शिकवली गेली होती, की जे लिहिलंय ते वाचावं आणि जे वाचलंय ते सांगावं.

"पायरी येत नाही," मी म्हटलं. "पायरी बाहेर आहे."

"पक्कं?"

"इंग्रजीत लिहिलंय."

तिनं पणत्या पायरीच्या दोन टोकांना ठेवल्या, तेल घातलं आणि सूर्य मावळेपर्यंत तिथेच बसून राहिली. दिवे लावले तेव्हा मी घरी परतले होते. आमच्या ओसरीवरून त्या पणत्या दिसत होत्या, लहान, पण दोन वेगवेगळ्या मोजता येत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या आजोबांची वर्ध्याला बदली झाली. निघताना तिनं माझ्या ओटीत खोबऱ्याची वाटी घातली. विधवेनं ओटी भरायची नसते, म्हणून तिनं ती कागदात गुंडाळून, विकत दिल्यासारखी दिली. "येजो," म्हणाली. मी गेले नाही. आधी मुलं लहान होती, मग इतर काही. दहा-बारा वर्षांनी आजोबांच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रात शेवटच्या ओळीत होतं, की ती गेली. दुपारी दुकानातच गादीवर पाठ टेकून बसली होती.

दुकान दिराच्या मुलाकडे गेलं. ते जाणारच होतं. तिच्या नावाचा परवाना तिच्याबरोबर संपला, पॉलिसीही. मधल्या काळात ती एकदाही वापरावी लागली नाही.

थोरलीला एवढंच सांगते, की कागद सगळा वाच, आणि तुझ्या शेजारी कोणी दाराआड गप्प बसलं असेल तर त्याला हाक मार.

सात-आठ वर्षांपूर्वी अमरावतीला जाताना मी गाडी तळेगावला थांबवायला लावली. जागा सापडेना, तेव्हा रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तिथे आता सिमेंटचं दुमजली दुकान आहे आणि पाटीवर दिराच्या नातवाचं नाव आहे. म्हाताऱ्यानं ते नाव घेतलं नाही. त्यानं हात लांब करून दाखवलं आणि म्हणाला, "ते काय, बाईचं दुकान." गावात अजून तेच नाव चालतं.